सह्याद्रीतलं शेवाळ आणि मुंबईची हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात आम्ही पाच-सात जण येऊरला, माथेरानला, कधी भीमाशंकरला जातो आणि झाडाच्या बुंध्याला भिंग लावून बसतो. मागून जाणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, 'काय हरवलं का?' शेवाळ बघतोय म्हटलं की हसतात, आणि त्यावरून हवेचं प्रदूषण कळतं म्हटलं की थांबतात. पुढचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. दर वेळी तोंडी उत्तरं देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी.

शेवाळ म्हणजे नक्की कोणतं? पाण्याच्या टाकीतलं?

नाही. मराठीत आपण हिरवं आणि बुळबुळीत दिसेल त्या सगळ्याला शेवाळ म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. टाकीतलं, डबक्यातलं ते शैवाल. बुंध्यावर, खडकावर, कंपाउंडच्या भिंतीवर मखमलीसारखं उगवतं ते वेगळं. पुस्तकी मराठीत त्याला हरिता म्हणतात. त्याला इवलीशी खोडं असतात, पानं असतात. अकरावी-बारावीला फ्युनेरियाची आकृती काढली असेल तर तेच हे. या पानावर सगळीकडे शेवाळ हा शब्द हरितेसाठीच वापरला आहे, कारण 'हरिता बघायला चाललोय' म्हटलं तर घरचे भलताच अर्थ काढतील.

तिसरा भिडू म्हणजे दगडफूल, गोडा मसाल्यात घालतो ते. ते शेवाळही नाही आणि फूलही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे, त्याला शैवाक म्हणतात. तेही हवेबद्दल बोलतं, पण त्याची तऱ्हा वेगळी.

शेवाळात प्रदूषण साठतं कसं?

त्याला खरी मुळं नसतात. जे धाग्यासारखं दिसतं ते फक्त चिकटून राहण्यासाठी. आंबा किंवा जांभूळ जमिनीतून पाणी ओढतो. शेवाळ पाऊस, धुकं आणि धूळ यांतून जे अंगावर पडेल त्यावर जगतं. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं असतं, आणि मोठ्या झाडांच्या पानांवर असतो तसा मेणाचा जाड थर त्यावर नसतो. त्यामुळे पावसाच्या थेंबातलं शिसं किंवा तांबं थेट पेशीच्या भिंतीपर्यंत पोचतं आणि तिथल्या ऋण भाराच्या जागांवर जाऊन बसतं.

या जागा लोकलच्या सीटसारख्या समजा. संख्या ठरलेली, बसणारे जास्त. शिसं आणि तांबं एकदा बसले की सहसा उठत नाहीत. जस्त आणि मँगनीज यांना मात्र दुसरा कोणी रेटा दिला की उठावं लागतं. हे उदाहरण लक्षात ठेवा, मुंबईच्या बाबतीत ते पुन्हा लागणार आहे.

ही कल्पना कोणाला सुचली?

स्वीडनमध्ये, लुंड विद्यापीठातल्या ओके रूलिंग आणि येर्मुंड टुलर यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत रुळवली. त्यांच्या जंगलातलं एक शेवाळ दर वर्षी आधीच्या वर्षाच्या वर नवा मजला चढवतं, त्यामुळे कोणता भाग किती वर्षांचा ते सरळ मोजता येतं. पुढे १९९० पासून युरोपभर दर पाच वर्षांनी शेवाळ गोळा करून धातू तपासायची प्रथा पडली. २००० च्या फेरीत २८ देश आणि सुमारे सात हजार ठिकाणं होती.

भारतात कुमाऊंच्या डोंगरांत, नैनिताल-अल्मोडा भागात, असं काम झालं आहे.

हवा मोजायला यंत्रं आहेत की! शेवाळ कशाला?

यंत्र एका जागेची हवा तासातासाला मोजतं. स्वयंचलित केंद्राची किंमत कोटीच्या घरात जाते, त्याला वीज लागते, राखण लागते. बांद्र्याला, पवईला ते बसवता येतं. भीमाशंकरच्या जंगलात कोण बसवणार? शेवाळ तिथे आधीच बसलेलं आहे, तेही दर पन्नास पावलांवर.

सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या पोर्टलंडचं. तिथल्या वनसेवेच्या संशोधकांनी डिसेंबर २०१३ मध्ये शहरातल्या झाडांच्या बुंध्यांवरून शेवाळाचे ३४६ नमुने घेतले. नकाशा काढला तर कॅडमियमचे ठिपके भलत्याच जागी दाट झाले. शोध घेतल्यावर तिथे रंगीत काचा बनवणारे कारखाने सापडले. काचेला पिवळा-लाल रंग आणायला कॅडमियम वापरतात. शहरात हवेची यंत्रं होती, पण त्या गल्लीत नव्हती. नंतर तिथे यंत्र नेऊन ठेवल्यावर हवेतही कॅडमियम सापडलं.

म्हणजे शेवाळ यंत्राची जागा घेत नाही. यंत्र कुठे ठेवायचं ते सांगतं, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग एवढाच आहे. यापेक्षा मोठे दावे कोणी केले तर जपून ऐका.

मग स्वीडनची पद्धत उचलून सह्याद्रीत वापरली की झालं?

इथेच घोडं पेंड खातं. बहुतेक उत्साही प्रकल्प याच जागी घसरतात, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

पहिली अडचण, कॅलेंडरची. आपल्याकडचं शेवाळ जून ते ऑक्टोबर वाढतं आणि नोव्हेंबरपासून वाळून पडतं. थंड प्रदेशातल्या त्या जातीसारखे वर्षाचे मजले आपल्या बहुतेक जातींत दिसत नाहीत. त्यामुळे हाताला आलेला झुबका एका पावसाळ्याचा की चार, हे ठरवणं कठीण. त्यात उष्ण आणि दमट हवेत खालचा भाग लवकर कुजतो. पासबुक आहे, पण मागची पानं वाळवीनं खाल्लेली.

दुसरी अडचण पावसाचीच. महाबळेश्वर, आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो. सात-आठ महिने वाळलेल्या शेवाळावर नुसती चिकटलेली धूळ असते, ती पहिल्या दोन सरींतच वाहून जाते. शिवाय वाळून पुन्हा भिजताना पेशींचे पडदे थोडे गळतात आणि आतलं पोटॅशियम वगैरे बाहेर येतं. म्हणजे मे महिन्यातला नमुना आणि ऑक्टोबरमधला नमुना, एकाच बुंध्यावरचा असला तरी, दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. मे मधला उन्हाळ्यातल्या धुळीबद्दल बोलतो, ऑक्टोबरमधला पावसाबरोबर आलेल्या आणि पेशीत मुरलेल्या धातूंबद्दल. दोन्ही घ्या, पण एकाच तक्त्यात मिसळू नका.

तिसरी अडचण पागोळ्यांची. युरोपात झाडाच्या फांद्यांपासून किमान तीन मीटर दूर, उघड्यावरचं शेवाळ घ्यायचा नियम आहे. सह्याद्रीच्या सदाहरित, निमसदाहरित रानात उघडी जागा सापडली तर ती बहुतेक सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, नाही तर पायवाट. शेवाळ असतं अंजनीच्या, हिरड्याच्या बुंध्यावर. तिथे येणारं पाणी आधी पानांवरून निथळतं आणि येताना पानांतलं मँगनीज आणि पोटॅशियम घेऊन येतं. त्यामुळे मँगनीजचा आकडा फुगला की लगेच कारखाना शोधायला धावू नये. सोपा उपाय म्हणजे सगळे नमुने एकाच जातीच्या झाडावरून, एकाच उंचीवरून, बुंध्याच्या एकाच दिशेनं घ्यायचे.

चौथी, धुक्याची. डोंगरमाथ्यावर ढग झाडांना घासून जातात. ढगाच्या बारीक थेंबांत प्रदूषक बहुधा पावसाच्या पाण्यापेक्षा दाट असतात, आणि शेवाळ हे थेंब चाळणीसारखे गाळून घेतं. म्हणून माथ्यावरचा आकडा पायथ्यापेक्षा जास्त आला तर 'वर हवा घाण आहे' असा सरळ अर्थ निघत नाही. तिथे ढग जास्त वेळ मुक्कामाला असतो, असाही अर्थ असू शकतो.

पाचवी खास आपली, मिठाची. नैऋत्य मोसमी वारा समुद्रावरून सोडियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतो. आठवतात ना सीटा? चर्चगेटलाच मिठानं जागा अडवल्या की जस्त, कॅडमियम दारात लटकतात. किनाऱ्याजवळचं शेवाळ त्यामुळे काही धातू कमी दाखवतं. मालाडचा आकडा आणि माळशेजचा आकडा शेजारी ठेवण्याआधी सोडियमही मोजून घ्या.

माथेरानला तर गाड्याच नाहीत. तिथलं शेवाळ एकदम स्वच्छ असेल ना?

गाड्या दस्तुरीपाशीच थांबतात, हे खरं. २००३ पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागही आहे. पण रस्ते लाल मातीचे. घोडे, माणसं, रिक्षा यांच्या पायाचाकांनी ती माती उडते आणि बुंध्यावरच्या शेवाळावर बसते. एप्रिलमध्ये मुख्य रस्त्यालगतच्या एका जांभळीवरचं शेवाळ मी भिंगाखाली धरलं होतं. हिरवा रंग शोधावा लागत होता. प्रत्येक पानाच्या खोबणीत विटकरी भुकटी भरलेली, बारीक चमच्यात हळद-कुंकू मिसळून ठेवावं तशी. दोन थेंब पाणी टाकलं, पानं उलगडली आणि कागदावर लाल ओघळ आला.

जांभ्याच्या या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम ठासून भरलेलं असतं. शेवाळाचा अहवाल आला आणि लोह भरमसाट निघालं, तर ते प्रदूषण नव्हे, ती माथेरानची माती. म्हणून नुसता धातूचा आकडा बघत नाहीत, ॲल्युमिनियमशी किंवा टायटॅनियमशी त्याचं गुणोत्तर बघतात. समजा त्या जागच्या मातीत शिसं आणि ॲल्युमिनियमचं जे प्रमाण आहे, त्याच्या दहापट प्रमाण शेवाळात निघालं, तर जास्तीचं शिसं मातीतून आलेलं नाही. प्रमाण सारखंच निघालं, तर जे दिसतंय ती धूळच.

आणि इथली माती म्हणजे इथलीच. पुस्तकात दिलेली पृथ्वीच्या कवचाची सरासरी घेऊ नका. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं आणि व्हॅनेडियम मुळातच भरपूर. सरासरी वापरली तर सह्याद्रीचा अख्खा कडा प्रदूषित ठरेल. नमुन्यासोबत त्याच झाडाखालची मूठभर माती घेतली की हा घोटाळा टळतो. मूठभर माती, बस. तरी लोक विसरतात. पहिल्या वर्षी आम्हीही विसरलो होतो आणि सगळे नमुने फुकट गेले.

मुंबईचा धूर डोंगरात पोचतो का?

ऋतूवर आहे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून घाटाकडे, पण पाऊस हवा धुऊन टाकतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे आणि दुपारनंतर समुद्राकडून आत, असा झोका चालतो. दुपारचा वारा शहराची हवा ठाणे, पनवेल, कर्जतच्या दिशेनं ढकलतो. हिवाळ्यात दुपारी माथेरानच्या पश्चिमेकडच्या पॉइंटवरून बघा, मुंबईच्या बाजूला करड्या रंगाचा पट्टा दिसतो. वाटेत तळोजा, पाताळगंगा, खोपोली हे औद्योगिक पट्टे आपापली भर घालतात. म्हणून डोंगरातलं सगळं मुंबईच्या नावावर मांडणंही बरोबर नाही.

कोणता धातू कशाची खूण?

खूण म्हणा, पुरावा नको. तांबं, अँटिमनी आणि बेरियम एकत्र वाढले तर ब्रेकची झीज. बोरघाटात उतारावर ट्रक ब्रेक दाबून उतरतात, तिथे रस्त्यापासून दहा, पन्नास, दोनशे, पाचशे मीटरवर नमुने घेतले तर हे त्रिकूट कसं ओसरतं ते बघण्यासारखं असेल. जस्त म्हणजे बहुतेक वेळा टायर, पण पन्हाळी पत्र्याचं छपरही असू शकतं. निकेल आणि व्हॅनेडियम जोडीनं आले तर जड इंधन तेल, म्हणजे जहाजं किंवा तेल शुद्धीकरण. फक्त वर सांगितलेली बेसॉल्टची मेख ध्यानात ठेवा. आर्सेनिक, सेलेनियम आणि पारा असेल तर कोळशाकडे बघा. दिवाळीनंतर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम वाढलेलं दिसलं तर हिरव्या आणि लाल फटाक्यांची आठवण काढा.

शिसं पूर्वी पेट्रोलमधून यायचं. २००० साली ते देशभर बंद झालं. आता शिसं सापडलं तर बॅटऱ्या, रंग, भंगार आणि रस्त्याकडेची जुनी माती यांचा विचार करावा लागतो.

नमुना कसा घेतात? धुवायचा का?

धुवायचा नाही. सगळ्यांची पहिली चूक हीच. नळाखाली धरलं की धुळीबरोबर हवी ती माहितीही जाते, आणि नळाच्या पाण्यातले धातू आत येतात.

पावडर नसलेले हातमोजे घाला. लोखंडी चाकू नको, हातानं किंवा प्लास्टिकच्या चिमट्यानं उचला. साधारण पन्नास मीटरच्या चौकोनातून पाच ते दहा चिमटी घेऊन एकत्र करा. मोठ्या रस्त्यापासून तीनशे मीटर तरी दूर राहा, अर्थात रस्ताच तपासायचा नसेल तर. कागदी पिशवीत भरा, पिशवीला स्टेपलर मारू नका. जवळ कोणी सिगरेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा, कारण तंबाखूच्या धुरात कॅडमियम असतं.

खरं काम घरी आल्यावर. पांढऱ्या कागदावर शेवाळ पसरायचं आणि सालीचे तुकडे, मुंग्या, वाळकी पानं, दुसऱ्या जातीचे धागे एकेक करून काढायचे. एका नमुन्याला दोन-तीन तास सहज जातात. मटार सोलण्यासारखं वाटतं, पण मटार मोठे असतात. मग चाळीस अंशांवर सुकवून प्रयोगशाळेत. तिथे नायट्रिक आम्लात विरघळवून मोजतात, आणि आकडा कोरड्या वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये येतो. प्रयोगशाळेला एकच प्रश्न नक्की विचारा: ज्यातले धातू आधीच माहीत आहेत असा प्रमाण नमुना सोबत चालवणार का? फिनलंडमध्ये यासाठीच शेवाळाची एम-२ आणि एम-३ नावाची पूड तयार केलेली आहे. आम्हाला एका ठिकाणाहून नुसते आकडे आले होते, प्रमाण नमुना नव्हता, आणि दुसऱ्यांदा मोजल्यावर तेच नमुने वेगळं सांगायला लागले. कोणता अहवाल खरा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

आमच्या भागात शेवाळच नाही. मग?

बाहेरून आणून टांगतात. स्वच्छ जागचं शेवाळ धुऊन, सुकवून, नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशवीत भरायचं आणि चार ते बारा आठवडे हवेत लटकवायचं. गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी १९७१ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीजवळ हे केलं, आणि अजून जगभर तसंच चालतं. काही पिशव्या बंद डब्यात घरीच ठेवायच्या, म्हणजे आधी किती धातू होते ते कळतं. इथे धुणं चालतं, कारण आपल्याला कोरी पाटी हवी असते.

गच्चीवर टांगणार असाल तर कावळ्यांचा बंदोबस्त करा. मार्च-एप्रिलमध्ये घरटी बांधायचे दिवस असतात. आमच्या सहापैकी दोन पिशव्या त्यांनी फोडून नेल्या. ज्या अंड्यांखाली ते शेवाळ अंथरलं गेलं असेल त्यांच्याखाली निदान धातूंची नोंद नीट झाली असेल.

सोसायटीच्या भिंतीवरचं शेवाळ चालेल का?

बघायला उत्तम, मोजायला नाही. सिमेंट आणि रंगातले धातू त्यात उतरतात, आणि दिवाळीआधी रंगारी तारेच्या ब्रशनं ते खरवडतोच. पण त्या भिंतीवर बहुधा हायोफिला इनव्होल्युटा नावाची जात असते, तिची गंमत बघा. मे महिन्यात ती काळपट, चुरगळलेली, मेल्यासारखी दिसते. पानांच्या कडा आत गुंडाळलेल्या. ड्रॉपरनं एक थेंब टाका आणि भिंग लावा. मिनिटभरात पानं उलगडतात आणि चांदणीसारखी पसरतात, तीही पोपटी हिरवी. लहान मुलांना एकदा दाखवलं की पुढे सगळी भिंत तीच भिजवतात.

नॅशनल पार्कातून थोडं घेतलं तर?

परवानगीशिवाय नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथलं पानही उचलायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आडकाठी आहे. कान्हेरीच्या लेण्यांवरचं तर मुळीच नको, ते पुरातत्त्व खात्याचं. वनविभागाकडे रीतसर अर्ज करा. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत केलेला अर्ज सहसा लवकर हलतो.

गणपतीच्या देखाव्यासाठी आणि नाताळच्या गोठ्यासाठी पोतीभर शेवाळ ओरबाडून आणतात, त्याबद्दल मात्र कोणी प्रश्न विचारत नाही.

शिशाचा आकडा आला. तो घातक आहे की नाही?

शेवाळाच्या आकड्यावरून ते ठरत नाही. हवेतल्या शिशाची आपली राष्ट्रीय मर्यादा घनमीटरमागे वर्षाची सरासरी ०.५ मायक्रोग्रॅम आहे, निकेलची २० नॅनोग्रॅम, आर्सेनिकची ६ नॅनोग्रॅम. ही २००९ ची मानकं. शेवाळाचा आकडा किलोमागे मिलिग्रॅमचा. एकातून दुसरा काढायचं सर्रास चालणारं सूत्र नाही. शेवाळ 'इथे तिथल्यापेक्षा तिप्पट' एवढंच खात्रीनं म्हणतं. अहवालात 'सुरक्षित' किंवा 'धोकादायक' असा शिक्का दिसला तर तो कोणी आणि कशावरून मारला ते विचारा.

शेवाळ हिरवंगार आहे म्हणजे हवा चांगली, बरोबर ना?

चूक. शिसं पचवून हिरवंगार राहणाऱ्या जाती आहेत, म्हणून तर त्या मोजायला उपयोगी. हवा बिघडली की मरतात किंवा गाशा गुंडाळतात त्या वेगळ्या. दगडफुलाची बरीच भावंडं या दुसऱ्या गटात बसतात. पॅरिसच्या एका बागेत ती शहरापेक्षा जास्त टिकून आहेत, हे शैवाकांचे अभ्यासक निलँडर यांनी १८६६ मध्येच टिपलं होतं.

पूर्वीची हवा कशी होती ते कळेल का?

थोडंफार. वनस्पती संग्रहालयांत शंभर वर्षांपूर्वी वाळवून ठेवलेले नमुने असतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे. जुन्या नमुन्याची चिमूट तपासून आजच्याशी ताडता येते. अडचण एवढीच, की जुने संग्राहक कीड लागू नये म्हणून नमुन्यांवर पाऱ्याचं संयुग लावायचे. तिथे पारा मोजायला जाऊ नका.

शेवाळाची भिंत लावली तर हवा शुद्ध होईल?

शहराची? नाही.

मला काही करायचं असेल तर कुठून सुरू करू?

धातू मोजण्यापासून नको, एका झाडापासून करा. घराजवळचा एखादा जुना आंबा किंवा पिंपळ निवडा. बुंध्यावर छातीच्या उंचीला, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मोबाइलनं त्याच जागेचा फोटो काढा, सोबत प्रमाणासाठी एक रुपयाचं नाणं ठेवा. दहा पटींचं भिंग फार महाग नसतं. कोणती जात आहे ते लगेच ओळखता आलं नाही तरी चालेल. वाळतं कधी, भिजतं कधी, धूळ कधी बसते, नवे कोंब कोणत्या आठवड्यात फुटतात, एवढं वहीत लिहा. असा एक पावसाळा तुमच्या वहीत उतरला की कोणत्याही प्रयोगशाळेला तो उपयोगी पडेल, कारण वर सांगितलेली कॅलेंडरची अडचण सोडवायला नेमकी हीच नोंद लागते. आणि पालिकेचा माणूस बुंध्याला गेरू-चुना लावायला आला, तर तेवढी हातभर जागा सोडायला सांगा. सहसा ऐकतात.